पक्कं बिल नाही आणि 'नवीन' ग्राफिक्स कार्ड जुनं निघालं: दाद मागता येईल का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला, वय २०, सांगलीत शिकतो. गेल्या नोव्हेंबरात पुण्यातल्या एका दुकानातून ५८,००० रुपयांत गेमिंगसाठी पीसी असेंबल करून घेतला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, एएम४ मदरबोर्ड. पैसे वडिलांच्या खात्यावरून यूपीआयने मालकाच्या वैयक्तिक नंबरवर गेले. 'बिल घेतलंस तर १८ टक्के वर' म्हणाले, म्हणून हातात फक्त एस्टिमेटचा कागद आहे. व्हॉट्सॲपवर ग्राफिक्स कार्डाबद्दल त्यांनीच लिहिलंय : 'आरएक्स ५८०, ८ जीबी, नवीन सीलपॅक, ३ वर्षं वॉरंटी, १३,५००.' गेम अडकायला लागले म्हणून जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं, तर २३०४ ऐवजी २०४८ शेडर (कार्डातले आकडेमोड करणारे छोटे भाग). कार्डावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबरशी जुळत नाही, आणि कंपनीच्या साइटवर त्या नंबरची वॉरंटी ऑगस्ट २०२२ मध्येच संपलेली दिसते. रॅम ३२०० ऐवजी २४०० वर चालते, बोर्डावर नव्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही. मित्र म्हणतो, कार्डाचं बायोस (त्यातलं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅश करून, म्हणजे नव्याने भरून बघू. दुकानदार म्हणतो, 'कॅबिनेट उघडलंस, विषय संपला.' मी रागाने इन्स्टाग्रामवर दुकानाचं नाव टाकून 'चोर' लिहिलं, तर आता अब्रुनुकसानीची धमकी देतोय. लग्नसराईत दोन-चार व्हिडिओ मी पैसे घेऊन एडिट करतो. केस उभी राहील का?

उत्तर : राहील. पण आधी मित्राला थांबवा. बायोस फ्लॅश केलं की कार्ड तुमच्या हाती कसं आलं होतं हे दाखवायची सोय गेली, आणि 'यांनीच छेडछाड केली' हे म्हणायला दुकानदार मोकळा. कार्ड, खोकं आणि एस्टिमेट यांचे तारखेसह फोटो काढा. जीपीयू-झेडची खिडकी आणि कार्डावरचं स्टिकर एकाच व्हिडिओत येऊ द्या. व्हॉट्सॲपचं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.

तुम्ही तीन तक्रारी एकात बांधल्या आहेत, त्या सोडवायला हव्यात. रॅमची बहुधा तक्रारच नाही. ३२०० ची रॅम बऱ्याचदा मदरबोर्डाच्या बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करेपर्यंत कमी वेगाने धावते. ती सेटिंग करून पाहा, मगच बोला. मदरबोर्डाचंही तसंच. एएम४ हा २०१६ पासूनचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, एएम५ आला २०२२ मध्ये, आणि एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसत नाही. कमी बजेटमध्ये एएम४ घेणं ही निवड आहे, फसवणूक नव्हे. 'पुढे रायझन ७००० (एएम५ वरचा प्रोसेसर) टाकता येईल ना?' असं तुम्ही विचारलं असेल आणि 'हो' असं उत्तर लेखी आलं असेल, तरच हा मुद्दा घ्या. नाहीतर या दोन कच्च्या मुद्द्यांवर उलटतपासणी रंगेल आणि तिसऱ्या पक्क्या मुद्द्याचं वजन कमी होईल.

तो पक्का मुद्दा म्हणजे कार्ड. इथेही क्रम महत्त्वाचा. तुम्ही २०४८ च्या आकड्यावर भर दिला आहे. मी तो दुसऱ्या नंबरवर ठेवेन. मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर, म्हणजे तुम्ही म्हणता ते शेडर, असतात आणि २०४८ हा आरएक्स ५७० चा आकडा, हे बरोबर. पण चीनच्या बाजारासाठी २०४८ वालं कार्डही '५८०' याच नावाने निघालं होतं. दुकानदाराचा वकील तेच पुढे करेल. सीरियल नंबरला मात्र त्याच्याकडे उत्तर नाही. ज्या कार्डाची वॉरंटी २०२२ मध्ये संपली, ते गेल्या नोव्हेंबरात 'नवीन सीलपॅक' कसं असेल?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये जुनी, वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून दाखवणं ही स्पष्ट शब्दांत 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरवली आहे. तक्रारीचा पहिला परिच्छेद यावरच लिहा. 'माइनिंगचं कार्ड', म्हणजे क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी राबवलेलं कार्ड, हा शब्द मात्र नको. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं माइनिंग थांबलं आणि तशी कार्डं ढिगाने बाजारात आली, तेव्हा तसा संशय येणं साहजिक आहे. पण ते सिद्ध करण्याचं ओझं उगाच अंगावर का घ्यायचं? 'जुनं' एवढं सिद्ध झालं तरी पुरेसं आहे.

कॅबिनेट उघडल्याचा बचाव लंगडा आहे. वॉरंटीच्या अटी कंपनीच्या मोफत दुरुस्तीपुरत्या असतात. खोटं सांगून विकलेल्या मालाबद्दल कायद्याने दिलेला हक्क त्यांनी जात नाही. आणि कॅबिनेट उघडल्याने २३०४ चे २०४८ होत नाहीत, वॉरंटीची तारीखही मागे सरकत नाही.

आता बिल. खरेदी सिद्ध करायला बिल हा एकच पुरावा नसतो. यूपीआयची नोंद, एस्टिमेट आणि दुकानदाराचा स्वतःचा मेसेज मिळून व्यवहार उभा राहतो. उलट, बिल न देणं हीच त्याच कलमाखाली आणखी एक अनुचित प्रथा आहे. तरी स्पष्ट सांगतो, १८ टक्क्यांसाठी बिल सोडणं ही तुमची चूक होती. तुमच्या तासगावात बेदाण्याच्या सौद्यानंतर हिशेबाची पट्टी हातात पडल्याशिवाय तुमचे वडील अडत्याच्या दुकानातून उठतात का? ग्राहक आयोगापुढे हे लपवू नका. दुकानदार काय म्हणाला ते जसंच्या तसं प्रतिज्ञापत्रात लिहा. मेसेजच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

पैसे वडिलांचे, वापर तुमचा, ही अडचण नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही 'ग्राहक' असतो. दोघंही तक्रारदार व्हा. समोरच्या बाजूला दुकान आणि पैसे घेणारा मालक दोघांची नावं घाला, म्हणजे 'तो नंबर दुकानाचा नाही' ही पळवाट बंद होते.

लग्नाच्या व्हिडिओंचा मुद्दा तुम्ही स्वतःहून सांगितलात, बरं केलंत, कारण समोरून तो येणारच. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. पण स्वयंरोजगारातून केवळ आपल्या उदरनिर्वाहासाठी केलेला वापर व्यापारी धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात हा फरक नीट मांडला आहे : वस्तूची किंमत किती यापेक्षा ती कशासाठी वापरली हे पाहायचं. तुम्ही पीसी मुख्यतः खेळण्यासाठी घेतलात आणि सीझनला चार पैसे मिळवता. कामगार ठेवून स्टुडिओ चालवत नाही. एवढं सरळ लिहा.

पुण्याला खेपा घालायची गरज नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात ती वेळ आली असती. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीत. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागू शकतात, तेवढा धीर धरा.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. भाषा साधी ठेवा : 'आपण नवीन व तीन वर्षांच्या वॉरंटीचे म्हणून विकलेल्या कार्डाचा सीरियल नंबर खोक्यावरील नंबरशी जुळत नाही व त्याची वॉरंटी ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आहे. १५ दिवसांत कार्ड परत घेऊन १३,५०० रुपये द्यावेत, अन्यथा व्याज, नुकसानभरपाई व खर्चासह आयोगात तक्रार दाखल करू.' पूर्ण ५८,००० मागू नका. बाकीचे भाग ठीक चालत असताना तशी मागणी हावरेपणाची दिसते.

इन्स्टाग्रामची पोस्ट आजच काढा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये सार्वजनिक हितासाठी केलेल्या खऱ्या विधानाला संरक्षण आहे, पण 'चोर' ही शिवी त्यात बसवणं कठीण. धमकीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, उत्तर देऊ नका. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करण्याचा हक्क आहे, पण या रकमेसाठी मी तुम्हाला आधी आयोगाचीच वाट धरायला सांगेन.

नोटीस गेल्यावर 'वर चार हजार दे, दुसरं कार्ड घेऊन जा' असा फोन येण्याची शक्यता बरीच आहे. वर पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर पैसे परत घ्या आणि कार्ड दुसरीकडून घ्या. तरी बदली कार्डच घ्यायचं झालं, तर जीएसटीचं पक्कं बिल, बिलावर सीरियल नंबर, आणि काउंटरवरच पीसीला जोडून जीपीयू-झेडची तपासणी, या तिन्ही गोष्टी होईपर्यंत जुनं कार्ड हातातून सोडू नका. तडजोड झाली तर ती कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्या.