वाचक विचारतात : प्रोसेसर किती मंद करावा?

प्रश्न : विंडोज 11च्या लॅपटॉपवर बॅटरी वाचवायला मी प्रोसेसरची कमाल मर्यादा 50 टक्के केली. लॅपटॉप रखडतो, बॅटरी मात्र जेमतेम 15-20 मिनिटं जास्त पुरते. कुठे चुकतंय?

उत्तर : कात्री लावलीत, पण गरजेपेक्षा फार खाली. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणातही. समजा, मूळ वेग 2.4 गिगाहर्ट्झ आहे, टर्बोत, म्हणजे जड कामासाठी प्रोसेसर मूळ वेग ओलांडतो तेव्हा, तो 4.2वर जातो आणि त्यासाठी व्होल्टेज 0.8चं 1.2 होतं. वेग पावणेदोन पट झाला, वीज जवळजवळ चौपट! खरी उधळपट्टी इथे होते. खाली उतरताना मात्र व्होल्टेज एका तळाशी येऊन थांबतं. त्याखाली वेग कितीही कमी केला तरी काम फक्त लांबतं, आणि ते संपेपर्यंत पडदा, रॅम, वाय-फाय आपापली वीज खातच राहतात.

म्हणून टर्बो तेवढा बंद करा. बाकीचा वेग कामानुसार आपोआप खाली-वर होऊ द्या. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज उघडा. तिथे 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट'खाली 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट'मध्ये 'ऑन बॅटरी'समोर 99 टक्के भरा. हा एक टक्का कमी केला की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो. 'मिनिमम' 5 टक्केच असू द्या. तिथे चुकून 100 असेल तर रिकामा बसलेला प्रोसेसरही वेग उतरवत नाही. 'प्लग्ड इन'चे आकडे बदलू नका.

मग चार्जर काढून टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर 'स्पीड' बघा. एखादं जड काम चालू असतानाही तो 'बेस स्पीड'च्या वर जायला नको. जात असेल, तर तुम्ही बदललेला प्लॅन चालू नाही किंवा लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप मध्ये येतंय.

काही नव्या लॅपटॉपवर 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ही ओळच दिसत नाही. तिथे सेटिंग्जमधल्या 'पॉवर अँड बॅटरी'त पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' ठेवा. तो बदलता येत नसेल, तर आधी 'बॅलन्स्ड' प्लॅन निवडा.

प्रश्न : लिनक्सवर गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग कसा बदलायचा हे ठरवणारी सेटिंग) 'पॉवरसेव्ह' दिसतो. म्हणजे प्रोसेसर कायम मंदच?

उत्तर : प्रोसेसरचा वेग हाताळणारा ड्रायव्हर कोणता आहे ते बघा. 'इंटेल पी-स्टेट' नेहमीच्या अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये असेल, तर 'पॉवरसेव्ह' कामानुसार वेग बदलतो. तसाच राहू द्या. जुन्या 'एसीपीआय सीपीयूफ्रीक'वर मात्र त्याच नावाचा गव्हर्नर वेग तळालाच बांधून ठेवतो. तिथे 'शेडयूटिल' किंवा 'ऑनडिमांड' निवडा. आणि 'टीएलपी' व 'पॉवर प्रोफाइल्स डीमन' हे वीज वाचवणारे दोन प्रोग्राम एकत्र चालवू नका. एकाने केलेली सेटिंग दुसरा बदलतो.