नाशिकमध्ये बीएस्सी मॅथ्स करून मॅथेमॅटिकल फिजिसिस्ट होता येतं का? आणि डायसनकडे पीएचडी नव्हती हे खरंय?

हो, होता येतं, आणि डायसनचंही खरंय. फ्रीमन डायसन म्हणजे गणिताच्या जोरावर भौतिकशास्त्रातले प्रश्न सोडवणारे मॅथेमॅटिकल फिजिसिस्ट. त्यांची केंब्रिजची डिग्री गणिताचीच, १९४७ला ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेंकडे गेले आणि १९४९मध्ये प्रकाश आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर कसा परिणाम करतात हे मांडणाऱ्या दोन पद्धती, म्हणजे फाइनमनच्या आकृत्या आणि श्विंगर-तोमोनागाची समीकरणं, या मुळात एकच थिअरी आहे हे दाखवून दिलं, खरंच जबरदस्त काम आहे ते, त्याच्याच जोरावर १९५१ला तिथे प्रोफेसर झाले, पीएचडी कधी केलीच नाही. मी इथे नाशिकलाच बीएस्सीला गणित शिकवते, मुलं दरवर्षी हे विचारतात. फक्त डायसनचं बघून पीएचडी टाळू नका, आज आपल्याकडे रिसर्चची नोकरी त्याशिवाय मिळणं फार अवघड आहे. आणि एमएस्सी फिजिक्सला जायचं असेल तर बीएस्सीला फिजिक्स किती लागतं याचे नियम सगळीकडे सारखे नसतात, ते आत्ताच बघून ठेवा.