न्यू जर्सीहून टेक्ससला गेलं की गुन्ह्याचे आणि मालमत्तेचे कायदे खरंच बदलतात का?

हो, आणि बऱ्यापैकी बदलतात. दुकानातून 800 डॉलरचा फोन उचलला असं धरा. टेक्ससमध्ये 2,500 डॉलरच्या आतली चोरी साधारणपणे किरकोळ गुन्ह्यात जमा. 800 ला जास्तीत जास्त वर्षभर काउंटी जेल. तोच फोन न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये उचलला तर प्रकरण 3 ते 5 वर्षांच्या शिक्षेच्या वर्गात जातं. गंमत म्हणजे न्यू जर्सीच्या कायद्यात ‘फेलनी’ (म्हणजे गंभीर गुन्हा) हा शब्दच वापरत नाहीत. पण 200 डॉलरपासून पुढची चोरी तिथे गंभीर गुन्ह्यात मोडते. व्हिसावर असाल तर वकिलाशिवाय काहीही कबूल करू नका.

मालमत्तेचं म्हणाल तर टेक्सस, कॅलिफोर्निया धरून नऊ राज्यांत ‘कम्युनिटी प्रॉपर्टी’ चालते. लग्नानंतर कमावलेलं दोघांचं, मग पगार कुणाच्याही खात्यात येवो. आजोबांकडून वारसाहक्काने आलेला पुण्याचा फ्लॅट मात्र तुमचा एकट्याचाच. न्यू जर्सीत घटस्फोटाच्या वेळी कोर्ट ‘न्याय्य’ वाटप करतं, म्हणजे निम्मंच मिळेल असं नाही. (टेक्ससमध्येही नेमकं निम्मं होतंच असं नाही, तो हट्ट कॅलिफोर्नियाचा.)

आणि घर कुणाच्या नावावर घ्यायचं, हे डॅलसला पोचल्यावर तिथल्याच वकिलाला विचारा. एडिसनच्या शेजाऱ्यांचा सल्ला तिथे लागू पडणार नाही.