ऑटिझम असलेल्या नव्या ज्युनियरला

ऑटिझम आहे म्हणून वकिली सोडायचा विचार करू नकोस. कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या कोर्टात गर्दी व्हायच्या आत पोहोच, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघून घे, रिकाम्या हॉलमध्ये जरा बस. पुकारा झाल्यावर शब्द अडकतात ना? मग कुणातर्फे हजर आणि मागणी काय, ही दोन वाक्यं फाईलच्या कव्हरवर आधीच लिहून ठेव. सिनियरांना स्पष्ट सांग, कामं तोंडी नकोत, मेसेज करा. समजून न घेणाऱ्याकडे वर्षं घालवू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे, तो वाचच. आणि खरेदीखत, सातबारा, फेरफार शेजारी ठेवले की तारखांतली विसंगती तुला लगेच खटकते. उलटतपासाचे प्रश्न तिथूनच काढ.