आईच्या कीपॅड मोबाइलवर डीव्हीडीतला जुना व्हिडिओ चालत नाही. कोणता कन्व्हर्टर चांगला?

एफएफएमपेग घ्या. फुकट आहे आणि सगळं करतं. हँडब्रेक वापरायला सोपं, पण त्यातून थ्रीजीपी (जुन्या मोबाइलसाठीचा व्हिडिओ फाइलचा प्रकार) निघत नाही, आणि कीपॅड फोन बऱ्याचदा तेच मागतात. पण खरा प्रश्न कन्व्हर्टरचा नाहीच, सेटिंगचा आहे.

हे एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या घरी अगदी हेच झालं. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की निंबाला झोके बांधतात आणि गौराईची गाणी सुरू होतात. एका आखाजीला आजी गाताना नात्यातल्या एकाने शूटिंग करून डीव्हीडी बनवली होती. आजी गेल्यावर आईला ती गाणी शेतात निंदणी करताना ऐकायची होती, आणि तीही तिच्या बटणांच्या फोनवरच.

एका दुकानदाराने पैसे घेऊन फाइल करून दिली. चित्र दिसायचं, पण आजीचा आवाज ओळखू येईना. त्याने आवाज एएमआरमध्ये टाकला होता. एएमआर हे फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेलं: सँपलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) 8000 हर्ट्झ आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा) जास्तीत जास्त 12.2 केबीपीएस. त्यात एका माणसाचं बोलणं कळतं, पण सगळ्या बायका मिळून सूर लावतात तेव्हा नुसती घरघर ऐकू येते. मी मूळ डीव्हीडीवरून परत काढलं आणि आवाज एएसीमध्ये (हा प्रकार गाण्यांनाही चालतो), मोनो, 64 केबीपीएस ठेवला. आईने फोन कानाला लावला आणि म्हणाली, "हाऊ तं मन्ही मायना आवाज शे!" (हा तर माझ्या आईचा आवाज आहे!)

म्हणून सांगतो, एवढ्याशा स्क्रीनवर चित्रासाठी जीव काढू नका, आवाज सांभाळा.

आता चित्राचं. आपल्याकडची डीव्हीडी 720x576, सेकंदाला 25 फ्रेम, आणि घरगुती शूटिंग बहुतेक इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या रेघा एकाआड एक विणलेल्या असतात. आमच्या व्हिडिओत झोका आडवा गेला की लुगड्याच्या काठाला बारीक आडव्या रेघा फुटायच्या. त्यामुळे आधी डीइंटरलेस करा (ती विण काढा), मग 320x240 करा. कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवायची पद्धत, साधा एमपेग-4. फ्रेम 15 ठेवा असं सगळे सांगतात, मी ठेवत नाही. 25 च्या 15 करताना फ्रेम कमी-जास्त अंतराने गळतात आणि झोका अडखळतो. 12.5 ठेवा. एकाआड एक फ्रेम जाते, हेलकावा सलग दिसतो.

आणि डीव्हीडीतल्या फाइलच्या नावामागचं व्हीओबी खोडून एमपीफोर लिहू नका. गोणीवर ज्वारी लिहिल्याने आतली बाजरी ज्वारी होत नाही.

आमचे मेहुणे तेव्हापासून एकच धरून बसलेत: "एवढा खटाटोप कशाला? एक स्मार्टफोन घेऊन द्या." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. आईचे हात दिवसभर मातीत असतात, त्या हातांनी टचस्क्रीन धड चालत नाही. बटणं तिला न बघता सापडतात, चार्जिंग दोन-तीन दिवस पुरतं. तिने या वयात नवा फोन शिकत बसायचं, की आपण एक संध्याकाळ बसून फाइल बदलायची? मेहुण्यांच्या आईंना त्यांनी महागडा फोन दिलाय, आणि गाणं लावायला त्यांना दर वेळी नातवाला हाक मारावी लागते. तुमच्या आईंनाही कोणी असाच सल्ला देत असेल तर ऐकू नका.

काही फोन 320x240 सुद्धा घेत नाहीत, तिथे 176x144 करून बघा. आधी मिनिटभराचा तुकडा करून फोनवर लावून पाहा, मगच पूर्ण फाइल करा. स्मार्टफोनच असेल तर वरचं काही नको, चित्र एच.264 (नवा कोडेक) आणि आवाज एएसी अशी एमपीफोर फाइल पुरते. आणि डीव्हीडीवर ओरखडे पडायच्या आत तिची जशीच्या तशी कॉपी हार्ड डिस्कवर घेऊन ठेवा.