सोळाव्या वर्षी पोर्तुगालची ट्रायल: पैसे भरण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा १६ वर्षांचा, नागपूर जिल्ह्यातल्या स्पर्धांत राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेने हल्ला करणारा विंगर म्हणून खेळतो, वेग चांगला आहे. एक गृहस्थ पोर्तुगालच्या क्लबमध्ये 'ट्रायल आणि करार' करून देतो म्हणून साडेतीन लाख मागताहेत. भरायचे का?

नका भरू. फिफाच्या नियमानुसार १८ पूर्ण होईपर्यंत खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, युरोपीय संघाच्या आतच १६ ते १८ मधली बदली असेल, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेला लागून असतील. तुमच्या मुलाला यातला एकही लागू होत नाही. याच नियमावरून बार्सिलोनासारख्या क्लबला २०१५ मध्ये दोन ट्रान्सफर विंडोत (खेळाडूंच्या बदल्यांसाठी ठरलेल्या मुदतींत) नवे खेळाडू नोंदवता आले नव्हते. तेव्हा साडेतीन लाखांत जे मिळेल ते फार तर फी भरून चालणारं शिबिर असेल. राहणं, जेवण, सराव, दोन-चार मैत्रीचे सामने. परवडत असेल तर अनुभव म्हणून पाठवा, पण त्याला करार समजू नका.

त्या गृहस्थांचं नाव फिफाच्या परवानाधारक एजंटांच्या यादीत आहे का ते पाहा, यादी फिफाच्या साइटवर खुली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याशिवाय हे काम करता येत नाही, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागते. आमंत्रणाचं पत्र दाखवलं, तर क्लबच्या अधिकृत साइटवरचा पत्ता शोधून तुम्ही स्वतः मेल करा. पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री होत नसते.

आता मुलाच्या खेळाबद्दल, कारण ही दोन वर्षं खरी महत्त्वाची आहेत.

व्हिडिओपासून सुरुवात करा. गोल आणि ड्रिबलचे तुकडे गाण्यावर जोडून पाठवले की पाहणारा अर्ध्या मिनिटात बंद करतो. त्याला प्रश्न वेगळे पडलेले असतात. चेंडू यायच्या आधी पोरगा मान वळवून मागे बघतो का? चेंडू घेताना अंग मैदानाकडे अर्धं वळलेलं असतं की साइडलाइनकडे तोंड करून अडकतो? फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, चकवल्यावर पुढे काय करतो? बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. माणूस चकवला, टाळ्या मिळाल्या, आणि क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, पहिल्याच डिफेंडरच्या पायावर. गोललाइनपर्यंत पोचल्यावर मान वर करून पेनल्टी स्पॉटच्या आसपास मागे दिलेला पास हा विंगरकडचा सगळ्यात किमती चेंडू असतो, कारण बचाव करणारे सगळे स्वतःच्या गोलकडे धावत असतात आणि त्यांना मागचं दिसत नाही. असे चार पास दिसले तर दहा ड्रिबलपेक्षा जास्त बोलतात. डाव्या पायाचे क्रॉसही दाखवा, आणि चेंडू गेल्यावर परत धावत येऊन आपल्या फुलबॅकला दिलेली मदतही.

तुकडे ३ ते ४ मिनिटांचे पुरे, सोबत दोन पूर्ण सामने, तेही हरलेला एक धरून. कॅमेरा उंचावर, ट्रायपॉडवर, निम्मं मैदान दिसेल असा. फक्त चेंडूच्या मागे फिरणारा मोबाइल विंगरसाठी बिनकामाचा, कारण चेंडू दुसऱ्या बाजूला असताना तो कुठे उभा आहे हेच पाहायचं असतं.

शरीराचं म्हणाल तर विंगरचा शत्रू म्हणजे हॅमस्ट्रिंग, मांडीमागचा स्नायू. तो पूर्ण वेगात पळताना जातो, आणि नुसता संथ सराव करून सामन्यात एकदम सुटणाऱ्याचा आधी जातो. आठवड्यातून दोनदा ३० ते ४० मीटरचे चार-पाच पूर्ण वेगाचे स्प्रिंट, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. त्यासोबत नॉर्डिक: गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ-मांडी सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे पडायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५-५ चे दोन सेट. पुढे हळूहळू ८ ते १० चे तीन सेट. सुरुवातीला मांडी भरून येते म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी अजिबात नको. नागपुरात एप्रिल-मे मध्ये स्प्रिंट सकाळी सातच्या आतच उरकावेत.

बुटांची गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्याकडची मुरमाची किंवा उन्हात दगड झालेली मैदानं म्हणजे आखूड, भरपूर स्टडचा (तळव्याच्या खुंट्यांचा) बूट. ओल्या, मऊ युरोपीय गवतावर तोच बूट घातला की पहिल्या दोन पावलांत पाय सटकतो, आणि विंगरचं सगळं भांडवल त्या दोन पावलांत असतं. तिकडे लांब, धातूच्या टोकाचे सहा स्टड लागतात. जोडी आधी घ्या आणि पावसाळ्यात चिखलात तीनेक आठवडे घालून पायाला बसवा.

१८ नंतर कुठे जायचं, यात खेळाइतकाच व्हिसा महत्त्वाचा. नेदरलँड्समध्ये युरोपबाहेरच्या १८-१९ वर्षांच्या खेळाडूला तिथल्या सर्वोच्च लीगच्या सरासरी पगाराच्या ७५ टक्के आणि त्यानंतर १५० टक्के द्यावे लागतात, एवढा खर्च नवख्यावर कोणी करत नाही. इंग्लंडची गुणपद्धत आंतरराष्ट्रीय सामने आणि मोठ्या लीगमधली मिनिटं मोजते. सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार २००९ मध्ये वर्क परमिटवरच अडला होता. त्यामानाने लहान लीगचे रस्ते चालून झालेले आहेत: गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला, आणि विंगेवरून खेळणारी मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडे. दोघंही आधी भारतात सीनियर सामने खेळून मग गेले. माझं ठाम मत हेच आहे. १८ ते २१ मध्ये इथल्या सीनियर संघात मिनिटं मिळवणं परदेशी बाकावर बसण्यापेक्षा मोलाचं.

करार हातात येईल तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'मेडिकल किंवा वर्क परमिट मिळालं तरच करार वैध' असं कलम फिफाच्या नियमात बसत नाही. मेडिकल सहीच्या आधी व्हायला हवी. आणि दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी कळवून १५ दिवसांची मुदत द्यायची, तरी पैसे आले नाहीत तर खेळाडू करार मोडू शकतो. रक्कम करापूर्वीची की हातात येणारी, हे आकड्याशेजारीच लिहून घ्या.

स्थानिक क्लबचाही यात वाटा असतो. पुढे कधी ट्रान्सफर फी मिळाली तर तिच्यातले ५ टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १ कोटीच्या व्यवहारात १२ ते १५ मधल्या प्रत्येक वर्षाचे २५ हजार होतात. पण मुलाची त्या वर्षांतली नोंदणी झालेली असेल तरच.

म्हणून या आठवड्यात एकच काम करा. क्लबकडे जाऊन अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीतली मुलाची माहिती उघडून घ्या. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं, आडनावाचं स्पेलिंग शाळेत एक आणि आधारवर दुसरं. जन्मदाखला, पासपोर्ट आणि ही नोंदणी, तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळली पाहिजे. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा, कारण परदेशी क्लबकडे नोंदणीसाठी लागणारं आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट मागवलं की विंडो बंद व्हायला चार दिवस उरलेले असतात आणि कागद नागपुरात अडकलेला असतो.