सही करू का, निघून येऊ का, घरी सांगू का?

पत्र (3 एप्रिल 2020):

ताई, मी 29 वर्षांची. जर्मनीत स्टुटगार्टमध्ये फायहिंगेनला एका खोलीत एकटी राहते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर आहे. 15 ऑक्टोबरला रुजू झाले, सहा महिन्यांचा प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, 14 एप्रिलला संपतो. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) आहे, पगार वर्षाला 55,200 युरो. परवा एचआरने कुर्त्सआर्बाइटचं, म्हणजे तात्पुरतं काम आणि पगार कमी करण्याचं, संमतिपत्र पाठवलं, काम निम्मं होणार. 9 तारखेपर्यंत सही मागितली आहे. आई-बाबा नाशिकला असतात, बाबांना डायबेटिस आहे. "नोकरी गेली खड्ड्यात, तू निघून ये," असं रोज म्हणतात. मी त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलच्या आधी ऑफिसचा शर्ट चढवून बसते. शैक्षणिक कर्जाचा 18,000 रुपयांचा हप्ता आहे, बाबा सहकर्जदार आहेत. पोलीस अडवतील या भीतीने सामान आणण्यापुरतीच बाहेर पडते. रात्री तीनपर्यंत झोप नाही. काय करू?

उत्तर (7 एप्रिल):

अगं, तीन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर परिस्थितीनेच देऊन टाकलंय, ते आधी बाजूला करू. निघून येणं आज शक्यच नाही. कोरोनामुळे भारताने 22 मार्चच्या रात्रीपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं उतरू देणं बंद केलंय. ती बंदी सध्या 14 एप्रिलपर्यंत आहे आणि ती वाढणार असं धरूनच चाल. समजा कशीबशी मुंबईला पोचलीस, तरी पुढे नाशिकपर्यंत रेल्वे नाही, एसटी नाही, आणि परदेशातून आलेल्यांना आधी विलगीकरण. शिवाय बाहेरून आलेल्या माणसाने थेट डायबेटिस असलेल्या वडिलांच्या घरात शिरणं त्यांच्याच जिवावर बेतू शकतं. म्युनिकचा भारतीय वाणिज्य दूतावास तुझ्या राज्याचं, बाडेन-व्युर्टेमबेर्गचं काम बघतो. त्यांच्या संकेतस्थळावर आठवड्यातून दोनदा नजर टाक. फॉरवर्ड होऊन आलेल्या "विशेष विमाना"च्या मेसेजवर पैसे भरू नकोस. पुढे मार्ग उघडला आणि गेलीस, तर ब्लू कार्डधारकाला साधारण बारा महिन्यांपर्यंत जर्मनीबाहेर राहता येतं. मात्र कुर्त्सआर्बाइट चालू असताना न विचारता देश सोडायचा नाही. कंपनीने बोलावलं की कामावर हजर होता येणं ही कुर्त्सआर्बाइटमध्ये मिळणाऱ्या भरपाईची अट आहे.

आता सही. माझं मत स्पष्ट आहे: कर, पण कागद वाचून कर. एचआरने पाठवलेली फाइल संपूर्ण उघड, शेवटच्या पानापर्यंत. त्यात चार गोष्टी शोध. एक, सुरुवातीची तारीख. दोन, शेवटची तारीख, म्हणजे "बिस" या शब्दापुढे काय लिहिलंय ते. तीन, काम नेमकं किती टक्के कमी होणार. चार, बदल किती दिवस आधी कळवणार. शेवटची तारीख नसेल तर ईमेलने विचार, फोनवर नको. त्यांचं उत्तर जपून ठेव.

खरा धोका वेगळाच असतो. कुर्त्सआर्बाइटच्या नावाखाली कधी कधी करारातला मूळ पगारच कायमचा कमी करणारा कागद पुढे केला जातो. तो मुळीच चालणार नाही. तुझा पगार 55,200 आहे आणि 2020 साठी ब्लू कार्डाची किमान पगाराची सर्वसाधारण मर्यादाही नेमकी 55,200 च आहे. तुझ्या कार्डावर कुठली मर्यादा लावलीये हे आधी बघायला हवं, कारण तुटवड्याच्या व्यवसायांना, ज्यात इंजिनिअर येतात, ती 43,056 ची आहे. तात्पुरत्या कुर्त्सआर्बाइटने करारातला पगार बदलत नाही, म्हणून कार्डालाही धक्का लागत नाही. दुसरा कागद आउफहेबुंग्सफरट्राग, म्हणजे दोघांच्या संमतीने नोकरी संपवण्याचा. हा शब्द कुठेही दिसला की हात आखडता घे आणि "वकिलाला दाखवून सांगते" एवढंच म्हण.

पगार निम्मा होणार म्हणून तू घाबरली आहेस, तर हिशेब बघ. तुझा महिन्याचा कपातीआधीचा पगार 4,600. करवर्ग एक (अविवाहितांचा) धरला तर हातात 2,780 च्या आसपास येत असतील. निम्म्या कामाचे 2,300, पण त्यावर कर बराच कमी लागतो, म्हणून हातात सुमारे 1,570. दोन्हींतला फरक 1,210. मूल नसलेल्यांना या फरकाच्या 60 टक्के मिळतात (मूल असेल तर 67), म्हणजे तुला साधारण 726. एकूण सुमारे 2,300. काम निम्मं, पण खिशाला चाट 480 युरोंची. हे पैसे आर्बाइट्सआगेंटुर, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालय, कंपनीला देतं आणि कंपनी पगाराबरोबर तुला, त्यामुळे तुला वेगळा अर्ज करायचा नाही. ही सरकारी मदत नाही, तू भरलेल्या विम्याचा लाभ आहे. तो घेतल्याने व्हिसावर डाग लागत नाही, आणि आरोग्य विमाही चालू राहतो. गेल्या वर्षाची रजा शिल्लक असेल तर ती आधी संपवायला सांगतील, त्यावर वाद घालू नकोस. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. या रकमेवर थेट कर नसला तरी तिच्यामुळे उरलेल्या पगारावरचा कराचा दर वाढतो. वर्षात 410 युरोंहून जास्त मिळाले की विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं, आणि पुढच्या वर्षी थोडे पैसे द्यावे लागू शकतात. महिन्याला पन्नास युरो वेगळे ठेव.

सही न करण्याचा सल्ला तुला कुणी देईल. कायद्याने ती सक्ती नाही, हे खरंच. पण तू अजून प्रोबेत्साइटमध्ये आहेस. 14 तारखेपर्यंत कंपनी कारण न देता दोन आठवड्यांच्या मुदतीवर काढू शकते. बेकारी भत्त्यासाठी गेल्या 30 महिन्यांत 12 महिन्यांचा विमा लागतो, तुझे सहासुद्धा पुरे झालेले नाहीत. म्हणजे आज नोकरी गेली तर हातात शून्य, आणि कुर्त्सआर्बाइटमध्ये 2,300. अशा आठवड्यात तत्त्वाची लढाई लढायची नसते. 15 तारखेपासून चित्र बदलतं. कंपनीत दहाहून जास्त माणसं असतील तर नोकरीतून काढण्याविरुद्धचं कायद्याचं संरक्षण तुला लागू होईल. सही केली म्हणून नोकरी पक्की झाली असं मात्र समजू नकोस.

तोवर टपालपेटी रोज बघ. शुक्रवारी 10 ला गुड फ्रायडे, सोमवारी 13 ला ईस्टरची सुट्टी, पण कंपनीचा माणूस पाकीट कधीही आणून टाकू शकतो. नोकरी संपवण्याची नोटीस, म्हणजे क्युंडिगुंग, कागदावर आणि शाईच्या सहीनेच द्यावी लागते. ईमेलने, व्हॉट्सॲपवर किंवा स्कॅन करून आलेली वैध नाही. आली असं काही, तर "मिळालं, मान्य आहे" असं भलतंच उत्तर पाठवू नकोस. खरीखुरी आलीच तर पाकिटाचा आणि पत्राचा फोटो काढ, आली ती तारीख लिहून ठेव. तीन दिवसांत आर्बाइट्सआगेंटुरकडे फोनवर किंवा ऑनलाइन नोंद कर. दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, लेखी कळव. नोटीस चुकीची वाटली तर तीन आठवड्यांच्या आत आर्बाइट्सगेरिष्टमध्ये (कामगार न्यायालयात) दावा, त्यानंतर दार बंद. दुसरी नोकरी शोधायला लोकांना सर्वसाधारणपणे तीनेक महिने मिळतात, आणि पहिल्या दोन वर्षांत कंपनी बदलताना आउसलेंडरबेहोर्डेची परवानगी लागते. ती येण्याआधी नव्या ठिकाणी रुजू व्हायचं नाही.

राहता राहिलं घर. तू आई-बाबांना सांगत नाहीस ते त्यांच्या काळजीपोटी, हे कळतं. पण हे लपणारं नाही. बाबा सहकर्जदार आहेत, हप्ता चुकला की बँकेचा मेसेज त्यांच्याही फोनवर येणार. रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला 1 मार्च ते 31 मे दरम्यानच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत द्यायची मुभा बँकांना दिली आहे. काही बँका ती विचारून देतात, काही आपणहून लागू करतात, म्हणजे तू काही न करताही हप्ता थांबलेला दिसू शकतो. बाबांनी ते पासबुकात पाहिलं तर पहिला फोन तुलाच येईल. सवलत घेऊ नकोस, असंही सांगते. व्याज थांबत नाही, ते मुद्दलात जाऊन बसतं. 2,300 मधून भाडं गेलं तरी 18,000 रुपये, म्हणजे सव्वादोनशे युरोंच्या आसपास, निघतात. पूर्ण काम बंद झालं तरी 1,670 च्या आसपास येतील, ओढाताण होईल पण निघेल. नोकरीच गेली तर मात्र त्याच दिवशी सवलत माग. आजच बँकेला ईमेल करून हप्ता चालू ठेवायचा आहे असं लेखी कळव.

घरी सांगताना "सगळं ठीक आहे"ने सुरुवात करू नकोस. त्याने आई-बाबांना अजून घाबरायला होतं. आकड्यांनी सांग: काम निम्मं झालंय, पैसे 2,780 ऐवजी 2,300 येतील, हप्ता जाईल, विमा चालू आहे, 14 तारखेपर्यंत जरा नाजूक आहे. बाबा पाच प्रश्न विचारतील, विचारू देत. त्यांना काहीतरी काम दे. त्यांच्या गोळ्या आणि साखर तपासायच्या पट्ट्या दोन महिन्यांच्या आहेत का ते मोजून सांगायला लाव. औषधाची दुकानं चालू आहेत, पण गर्दीत त्यांनी स्वतः जायचं नाही. शेजारचा एक तरुण माणूस ठरवा, त्याचा आणि डॉक्टरांचा नंबर तुझ्याकडे असू दे. कॉलची वेळ एकच ठेव, नाशिकचे साडेसात म्हणजे तुझे दुपारचे चार. आणि तो शर्ट कपाटात राहू दे. रोज नाटक करणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागेल?

बाहेर पडण्याबद्दल तुझा गैरसमज झालाय, बहुधा भारतातल्या बातम्या बघून. जर्मनीत 22 मार्चपासून जे आहे ते संपर्कावरचं बंधन आहे, संचारबंदी नाही. एकटीने चालायला, पळायला मुभा आहे. घराबाहेरच्या एका माणसाबरोबरही फिरता येतं, दीड मीटर अंतर ठेवून. पासपोर्ट किंवा कार्ड जवळ ठेव. फायहिंगेनहून जंगल चालत गाठता येतं, सकाळी उजेडात तासभर जा. रोज, सुट्टीच्या दिवशीही. काम निम्मं झालं की दिवस सैल सुटतो आणि माणूस दुपारी झोपून रात्री जागतो. ती दुपारची झोप आधी बंद कर. मोकळ्या तासांत जर्मन घे. बी1 ही भाषेची पातळी झाली तर ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्याचा परवाना 33 ऐवजी 21 महिन्यांत मागता येतो, आणि कुर्त्सआर्बाइटमध्ये पेन्शनचे हप्ते भरले जात असल्याने ते महिने त्यात धरले जातात.

ताप-खोकला वाटला तर दवाखान्यात थेट जाऊ नकोस. आधी घरच्या डॉक्टरला फोन, नाहीतर 116 117 वर. सौम्य सर्दी-खोकल्यासाठी सध्या फोनवरूनच 14 दिवसांपर्यंतचं आजारपणाचं प्रमाणपत्र मिळतं. आणि रात्री तीनला फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलिफोनझेलझॉर्गे या मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा 0800 111 0 111 हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. बोलणं बहुतेक जर्मनमधून होईल. मोडकं चालतं.

सहीचा कागद पाठवण्याआधी त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर घे. ऑफिसचा लॅपटॉप कधी बंद होईल याची खात्री नसते.